हे ऊन नाही, सर

ढोके मॅडमनी माझी तीन वर्षांची झोप खाल्ली. रात्रीची नाही, सकाळची, व्हॅनमधली. ज्यानं जन्मभर अप-डाऊन केलंय त्यालाच या झोपेची किंमत कळेल. नागपूरहून पारशिवनी तालुक्यातल्या आमच्या शाळेपर्यंत सव्वा तास लागायचा. आम्ही चार-पाच मास्तरांनी मिळून शालिकभाऊची व्हॅन लावली होती आणि मधल्या सीटवरची खिडकी ज्येष्ठतेच्या जोरावर माझी होती. कामठी मागं पडली की माझे डोळे मिटायचे ते थेट शाळेच्या फाटकाशी उघडायचे. असं सगळं सुखात चाललं असताना एका जूनमध्ये ढोके मॅडम बदलून आमच्या शाळेत आल्या. पहिल्याच दिवशी मी डोळे मिटतो न मिटतो तोच माझ्या खांद्यावर टकटक करून म्हणाल्या, "सर, झोपायच्या आधी एक ऐकून घ्या. मी बेशुद्ध पडली तं काय करायचं, ते सांगून राहिली."

आता मला सांगा, ही काय ओळख करून घ्यायची रीत झाली? माणूस आधी गाव विचारतो, कोणत्या शाळेतून आलात विचारतो, मुलं किती म्हणून विचारतो. बाईंनी पर्समधून प्लास्टिकमध्ये मढवलेलं एक कार्ड काढलं आणि सगळ्यांच्या हातातून फिरवलं. शालिकभाऊ गाडी चालवत होता, तर त्याच्या समोर काचेला खोचून ठेवलं. माझ्या शेजारी निखाडे मॅडम बसत, स्वभावानं अगदी गरीब गाय, त्यासुद्धा माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "काय बाप्पा ही बाई!"

बाई गणित शिकवायच्या. उंच, काटकुळ्या, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरच्याला पुढच्या बाकावर बसल्यासारखं वाटावं. प्रत्येक गोष्ट पायऱ्या पाडून सांगायची सवय. पहिली पायरी, दुसरी पायरी, तिसरी पायरी. चहा कसा करायचा हेसुद्धा पायऱ्यांनी सांगत. आणि सांगून झालं की समोरच्याकडे बोट करून विचारत, "काय सांगितलं मी?" मुलांना विचारतात तसंच. मला, सत्तावन्न वर्षांच्या माणसाला, मराठीच्या शिक्षकाला, ही बाई विचारायची, "काय सांगितलं मी?" आणि मी मुकाट सांगायचो. न सांगून करतो काय, खिडकी माझी असली तरी व्हॅनमधून उतरता थोडंच येत होतं!

त्यांचा आजार मला असा पाठ झाला. आपल्या दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. तिच्यातून एक हार्मोन पाझरतं. ताप आला, मार लागला, उलट्या झाल्या, धक्का बसला की शरीर त्याच्याच जोरावर उभं राहतं. मॅडमच्या त्या दोन्ही ग्रंथी बंद पडल्या होत्या. का, तर त्यांच्याच शरीरानं त्यांना शत्रू समजून खाऊन टाकलं. अॅडिसनचा आजार म्हणतात त्याला. लाखांत एखाद्याला होतो, म्हणून कोणाला माहीत नसतो. ते हार्मोन मॅडम गोळ्यांमधून घेत, दिवसातून तीनदा, घड्याळ लावून. ताप आला की गोळी दुप्पट. आणि उलट्या होऊन गोळी पोटात टिकली नाही तर मांडीत इंजेक्शन, लगेच, आणि मग दवाखाना. लगेच म्हणजे लगेच. रक्तदाब खाली खाली जातो आणि माणूस त्याच्या मागोमाग जातो. मॅडमच्या भाषेत, "गोळी बाहेर, तं मी बाहेर."

त्या मीठ खायच्या. पर्समध्ये मिठाची डबी असायची आणि भर वर्गातून बाहेर येऊन, तळहातावर चिमूटभर घेऊन, जिभेनं चाटायच्या. शरीरात मीठ टिकत नाही, म्हणून जीव मिठावर धावतो, हे त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. पण पाहणाऱ्याला काय माहीत! शाळेत खिचडी शिजवायला येणाऱ्या बाईंचं ठाम मत होतं की मीठ खाऊन खाऊनच मॅडमचं अंग काळवंडलं. मॅडमनी त्यांना चुलीसमोर बसवून पाऊण तास समजावलं. पाऊण तासानं त्या बाई म्हणाल्या, "ते सगळं बरोबर हाय जी, पण मीठ कमी खात जा." मॅडम तणतणत स्टाफरूममध्ये आल्या. मी तिथं आपला शांतपणे डबा खात होतो, तर पुढचा पाऊण तास माझ्यावर निघाला.

खरं तर रंगाचं ऐकून ऐकून त्या विटल्या होत्या. आजार कळण्याआधीची चार वर्षं त्या नुसत्या काळ्या आणि बारीक होत गेल्या. नणंदेनं क्रीम पाठवलं. जावेनं हळद आणि दुधाची साय सुचवली. वर्गातल्या एका पोरानं विचारलं, मॅडम, तुम्ही शेतात जाता का? तोवर इकडे जिना चढता येईना, सकाळी उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी. एका डॉक्टरनं आम्लपित्ताची औषधं दिली. दुसऱ्यानं रक्तवाढीचं टॉनिक दिलं. तिसरा म्हणाला, टेन्शन घेऊ नका, मिस्टरांसोबत कुठं तरी फिरून या. सहा डॉक्टर आणि दोन वैद्य झाले. त्यांची यादी मॅडमच्या वहीत होती, कोण काय म्हणाला त्याच्यासकट. मग कोणीतरी एका म्हाताऱ्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी आधी हात उघडायला सांगितला, तळहाताच्या काळ्या पडलेल्या रेषा पाहिल्या आणि विचारलं, मीठ फार खावंसं वाटतं का?

हे सांगताना कोणतीही बाई रडली असती. ढोके मॅडम चिडायच्या. दर वेळी नव्यानं चिडायच्या. "साधा प्रश्न, सर! चार वर्षं एकाही माणसाले एक साधा प्रश्न सुचला नाही. मी मरून राहिली होती अन् हे लोक मले फिरायले पाठवून राहिले होते."

म्हणून मग या बाईंनी विडाच उचलला. जो भेटेल त्याला सांगायचं. बँकेच्या रांगेत सांगायचं, पेपर तपासायला गेलो की तिथं सांगायचं, केंद्रप्रमुख तपासणीला आले तर आधी त्यांना सांगायचं. बसस्टँडवर स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद चिकटवून आल्या होत्या: अशक्तपणा, वजन घटणं, अंग काळं पडणं, मिठाची ओढ, चक्कर, हे सगळं एकत्र असेल तर अमुक तपासणी करा. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर कोण्या क्लासची जाहिरात लागली. मॅडमनी ती काढून पुन्हा आपला कागद लावला. हे जवळजवळ महिनाभर चाललं. शेवटी क्लासवालाच दमला.

निखाडे मॅडमच्या पुतण्याचं लग्न खाप्याला होतं, तिथली गोष्ट तर विचारूच नका. जेवणाच्या पंगती चालल्या होत्या. एक माणूस माईकवर पाहुण्यांची नावं घेत होता, अमुक अमुक यांनी वधू-वरांना शुभाशीर्वाद दिले वगैरे. तो पाणी प्यायला वळला आणि ढोके मॅडमनी माईक हातात घेतला. मला वाटलं चार शब्द आशीर्वादाचे बोलतील. अहो, भर लग्नात किडनीवरच्या टोपीपासून सुरुवात! पाच मिनिटं बोलल्या. वऱ्हाडी मंडळी वरणभात कालवत ऐकत होती. निखाडे मॅडमचा चेहरा असा झाला होता की मी ताटावरून मान वर केली नाही. बोलून झाल्यावर मॅडमनी सवयीनं विचारलं, "काय सांगितलं मी?" आणि एक आजोबा हात धुवत धुवत पुढं आले, म्हणाले, बाई, हे इंजेक्शन गुडघ्याले चालते का?

परत येताना व्हॅनमध्ये मी वैतागून म्हटलं, की मॅडम, काय मिळालं? चारशे माणसांतून एक उठला, तोही गुडघ्यासाठी. मॅडमनी डबी काढून मीठ चाटलं. मग म्हणाल्या, की चारशे तर चारशे, त्यातल्या एकाला दहा वर्षांनी आठवलं तरी चालेल. मला वाटलं, धन्य आहे.

निखाडे मॅडम मनानं चांगल्या. त्यांनी एकदा फार मायेनं सांगितलं, की वं, त्या गोळ्या म्हणे स्टिरॉइड असतात, त्या वाईट, हळूहळू सोडून द्या, माझ्या बहिणीनं योगासनं करून सगळी औषधं सोडली. ढोके मॅडमनी गाडी थांबवायला लावली. शालिकभाऊनं रस्त्याच्या कडेला, संत्र्याच्या बागेपाशी गाडी उभी केली. मॅडम वळून बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या अंगात ते रोज तयार होते, निखाडे मॅडम. तुम्ही आधी बंद करून दाखवा. मग मी सोडते." त्यानंतर चार दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत आणि मला त्या चार दिवसांत फार छान झोप लागली.

पण खरा छळ शनिवारचा. शनिवारी सकाळची शाळा, दुपारी लवकर सुटका. कोणाला घरी जाऊन जेवायची घाई, कोणाला बाजाराची. मॅडम गाडी झाडाखाली उभी करायला लावायच्या आणि पर्समधून जुनी कंपासपेटी काढायच्या. कर्कटक आणि गुण्या यांच्या जागी तिच्यात एक पावडरची बाटली, पाण्याची कुपी, सिरिंज, दोन सुया, कापूस. "मी शुद्धीत नसेन तं कोण देणार? तुम्हीच ना?" असं म्हणून आम्हाला इंजेक्शन शिकवायच्या. म्हणे पुस्तकात संत्र्यावर सराव करा असं लिहिलंय. पण ज्यानं लिहिलं त्यानं नागपूरचं संत्रं पाहिलेलं नव्हतं. आपल्या संत्र्याची साल सुटी, आत हवा, सुई सालीत गेली की फोडीत गेली काही कळत नाही. म्हणून मॅडमनी मोसंबी ठरवली. घट्ट सालीची, मांडीसारखी. दर शनिवारी एक मोसंबी आणि जुन्या सुया. पहिली पायरी, कुपीतलं पाणी ओढा. दुसरी, पावडरमध्ये सोडा. तिसरी, बाटली हातावर घोळवा. चौथी, परत ओढा, हवा काढा. पाचवी, मांडीच्या बाहेरच्या बाजूनं, कपड्यावरून चालते, सरळ आत.

मला सुई बघवत नाही. लहानपणापासून नाही. नातवाला लस द्यायला नेलं होतं तर डॉक्टरनं मलाच खुर्चीवर बसवून पाणी दिलं. मी मॅडमना म्हटलं, मला पायऱ्या तोंडपाठ येतात, लेखी परीक्षा घ्या, प्रात्यक्षिक नको. मला पाठ येत होत्या हे खरं आहे. व्हॅनमध्ये सगळ्यांत आधी मीच घडाघडा म्हणून दाखवायचो, म्हणजे लवकर सुटका होईल. शालिकभाऊचं उलट. तो नववी नापास, पाठ काही होईना, तिसरी पायरी आधी आणि दुसरी नंतर. मॅडम त्याच्यावर ओरडायच्या. पण मोसंबीला सुई तो दर शनिवारी टोचायचा, आणि मग ती मोसंबी सोलून खायचा.

असं तीन वर्षं चाललं. आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

एक मेचा दिवस होता. सकाळी झेंडावंदन, मग निकाल वाटायचे, मग सुट्टी लागणार. ऊन कसं असतं ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको. त्या दिवशी व्हॅनमध्ये ढोके मॅडम गप्प होत्या. एकदम गप्प, कामठी गेली तरी गप्प. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले, खिडकीला डोकं टेकवलं आणि झोपलो.

झेंडावंदन झालं, वर्गावर्गात निकाल वाटून झाले. मुख्याध्यापक पंचायत समितीत गेले होते, म्हणून मी ज्येष्ठ, मीच सगळं पाहत होतो. ढोके मॅडम व्हरांड्याच्या पायरीवर बसलेल्या दिसल्या. मग पाहिलं तर आडव्या झालेल्या. ओठ पांढरे, अंग गार, घामाघूम. मी धावलो. मुलांना ओरडलो, बाजूले व्हा, हवा येऊ द्या, मॅडमले ऊन लागलं.

बस्स. एकदा तोंडून "ऊन लागलं" निघालं की आमच्याकडे सगळे डॉक्टर होतात. कोणी कांदा ठेचून तळपायांना चोळला. कोणी दुपट्टा भिजवून डोक्यावर ठेवला. निखाडे मॅडम निकालाच्या रजिस्टरनं वारा घालायला लागल्या. समोरच्या घरातून पन्ह्याचा तांब्या आला. मी मॅडमची मान उचलून धरली आणि माझ्या हातानं त्यांना पन्हं पाजलं. त्यांनी ओकलं. मी पुन्हा पाजलं. पुन्हा ओकलं. मी म्हटलं, ऊन बाहेर पडून राहिलं, पडू द्या.

त्यांचा हात सारखा पर्सकडे जात होता. बोलायचा प्रयत्न करत होत्या, जीभ वळत नव्हती. मला वाटलं, बाई आहे, पर्सची काळजी करते. मी पर्स उचलून बाजूच्या खुर्चीवर ठेवली आणि म्हटलं, "मॅडम, पर्स सुरक्षित आहे, काही काळजी करू नका." हे मी एकदा नाही, तीनदा म्हटलं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

शालिकभाऊ फाटकाबाहेर कडुनिंबाखाली गाडीत पडला होता. किती वाजता निघायचं ते विचारायला आत आला. गर्दी पाहिली, मॅडमना पाहिलं, मला विचारलं, "सर, मॅडम आज सकाळी काही बोलल्या का तुमच्याशी?"

म्हटलं, नाही.

"माझ्याशी बी नाही बोलल्या." मग खाली वाकून त्यानं मॅडमच्या कपाळाला हात लावला. "हे ऊन नाही, सर. ती पेटी कुठं हाय?"

माझ्या हातात पन्ह्याचा पेला. त्यानंच खुर्चीवरची पर्स ओढली, कंपासपेटी काढली आणि तिथं फरशीवर मांडी घालून बसला. पायऱ्या मोठ्यानं म्हणत होता आणि याही वेळी चुकत होता. मॅडम शुद्धीत असत्या तर ओरडल्या असत्या. पण तोंड चुकलं तरी हात चुकला नाही. पाणी ओढलं, सोडलं, घोळवलं, परत ओढलं. सलवारवरूनच मांडीत सुई घातली. मी डोळे मिटले. मिटायचा काही हक्क नव्हता मला, तरी मिटले.

पालथ्या घड्यावर पाणी असं मी पस्तीस वर्षं पोरांना म्हणत आलो. घडा कोण होता ते त्या दिवशी कळलं.

व्हॅनमध्ये मागच्या सीटवर मॅडमना झोपवून आम्ही नागपूर गाठलं. सलाइन लागलं, आणखी औषधं गेली. रात्रीपासूनच त्यांना उलट्या होत होत्या, सकाळची गोळी टिकली नव्हती. निकालाचा दिवस आहे, एवढा एक दिवस निघेल म्हणून निघाल्या होत्या, हे नंतर कळलं. म्हणजे आम्हाला तीन वर्षं पायऱ्या शिकवणाऱ्या बाईंनी स्वतःच पहिली पायरी खाल्ली होती. त्याचाही मला एवढा राग आला म्हणता! ड्युटीवरच्या डॉक्टरनं विचारलं, इंजेक्शन कोणी दिलं? मी शालिकभाऊकडे बोट केलं. डॉक्टर म्हणाला, बरं झालं. मग विचारलं, पन्हं कोणी पाजलं? मी म्हटलं, मी.

तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो. माफी कशी मागायची ते रिक्षात जुळवत गेलो होतो. मॅडम उशीला टेकून बसल्या होत्या, सलाइन लावलेल्या हातात वही. मला बसूही न देता विचारलं, "पायऱ्या पाठ होत्या ना तुम्हाले?"

"होत्या."

"मग?"

मी जुळवलेलं सगळं विसरलो. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. मी त्या दवाखान्यात, आजूबाजूला पेशंट असताना, त्यांच्यावर ओरडलो. म्हटलं, "मॅडम, तुम्ही रोज सांगत होत्या. रोज, रोज, रोज! म्हणून मी ऐकणंच सोडून दिलं होतं. मी नुसतं म्हणून दाखवत होतो. मले फक्त झोपायचं होतं."

वाटलं, आता बाई मला फाडून खातील. त्यांनी हातातली वही मिटली. खिडकीकडे पाहत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मंग माझी शिकवायची पद्धत चुकली."

एवढंच. बाप्पा, त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं.

मे अखेर मी निवृत्त झालो. त्याच सुमारास बदल्यांची यादी निघाली आणि ढोके मॅडमना कळमेश्वर तालुका मिळाला. तब्येतीच्या कारणावरून बदली थांबवा म्हणून मी त्यांना अर्ज करायला सांगितला. त्यांनी अर्ज केला. उत्तर आलं की सदर आजार सवलतीच्या यादीत नाही. मॅडमनी ते पत्र मला वाचून दाखवलं आणि पुन्हा वाचून दाखवलं. त्यांच्या जिवाची गोष्ट होती, काही गमतीची नव्हती. नवी शाळा, नवी व्हॅन, आणि व्हॅनमध्ये पाच-सहा नवी माणसं, ज्यांना त्यांचा जीव कशात आहे ते माहीत नाही. तीन वर्षं लागली होती एका शालिकभाऊला तयार करायला.

आता वर्ष होऊन गेलं. मॅडमचा फोन असतो, मी न विचारताच तब्येत सांगतात, पायऱ्यांनी. पण त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या जूनच्या अखेरीस, शाळा उघडल्या त्या दिवशी. आदल्या दिवशी फोन आला. "उद्या साडेआठले काटोल नाक्यावर या." का, ते सांगितलं नाही. मी म्हटलं, मॅडम, मी रिटायर झालोय, मला झोपू द्या. तर फोन ठेवून दिला होता.

गेलो. व्हॅन उभी होती. आत पाच मास्तर, चेहऱ्यावर झोप, एकानं तर खिडकीला डोकं टेकवलेलं. मॅडम दाराशी उभ्या. आजार नाही, ग्रंथी नाही, कार्ड नाही. त्या नुसत्या म्हणाल्या, "हे सर माझ्यासोबत होते. सर, तुम्ही काय केलं ते या लोकायले सांगा."

मला त्यांचा एवढा संताप आला म्हणून सांगू! अनोळखी माणसांसमोर, भर रस्त्यात, माझी लाज काढायची. परत फिरावं असं मनात आलं. पण त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मी सांगितलं. झोप सांगितली. कांदा सांगितला, पन्हं सांगितलं. पर्स सुरक्षित आहे म्हणालो तेही सांगितलं. पन्ह्यापाशी एक तरुण शिक्षक हसला होता, पर्सपाशी त्यानं मान खाली घातली. खिडकीवाला सरळ बसला. मी म्हटलं, शालिकभाऊ येईपर्यंत पंधरा मिनिटं मी त्यांना नुसतं मरू देत होतो.

"वीस," ढोके मॅडम म्हणाल्या. "वीस मिनिटं, सर."

मी म्हटलं, वीस.

त्या तरुणानं विचारलं, "पण सर, तुम्हाले सगळं शिकवलं होतं, मंग सुचलं काहून नाही?"

"कारण मी नागपूरचा," मी म्हटलं. "उन्हाचं कोणी मले शिकवावं?"

कोणी हसलं नाही. नवा ड्रायव्हर, चाळिशीचा, जाड मिश्यांचा माणूस, पुढून मागं वळला आणि म्हणाला, "मॅडम, ते इंजेक्शन कसं देतात ते दाखवा बरं मले." त्यानं आपण होऊन मागितलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. कौतुक नाही, आभार नाही. पोरानं फळ्यावरचं गणित बरोबर सोडवलं की पुढच्या पोराकडे वळतात, तशा त्या वळल्या आणि आत जाऊन बसल्या.

व्हॅन निघाली. खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला. मला वाटलं टाटा करताहेत, म्हणून मीही हात वर केला. पण त्या आतल्या लोकांना काहीतरी सांगत होत्या आणि बाहेरच्या हाताची बोटं एकेक करून दुमडत होत्या. एक, दोन, तीन. वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती बोटं दिसत होती.

मी हात वर करून तसाच रस्त्यावर उभा. डोळे पुसले. बाजूच्या पानठेल्यावाल्यानं विचारलं, "काय झालं काकाजी? बरं नाही वाटून राहिलं का? ऊन लागलं?"

म्हटलं, "नाही. बसा इथं, सांगतो."

तो म्हणाला, काकाजी, धंद्याची वेळ आहे. मी त्याच्या ठेल्यापुढचं स्टूल ओढलं आणि सुरुवात केली.